‘निसर्गाच्या विरुद्ध’ म्हणजे नेमकं कशाच्या विरुद्ध?

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो बघायला बोटीने नेतात. फेब्रुवारीत आमच्या सोसायटीतली वीसेक माणसं गेलो होतो. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे अशा सहलीत फुकटची गाइड मीच. हे पक्षी मान उलटी करून का खातात, इतक्या घाण पाण्यात का येतात, सगळ्यांचे प्रश्न चालू होते. परतताना शेजारच्या बाकावरचे काका खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा वेगळंच विचारतो. हे समलिंगी वगैरे म्हणतात ना, ते नैसर्गिक असतं का हो? आणि धर्मात काय म्हटलंय त्याबद्दल?"

इंजिनाची घरघर, पुढ्यात पोरंसोरं. मी आपली मास्तरकीतली जुनी पळवाट काढली. "हो काका, प्राण्यांतसुद्धा असतं," म्हटलं आणि मोकळी झाले. काकांनी मान डोलावली, पण समाधान काही झालं नव्हतं. या प्रश्नामागे घरातलंच कारण होतं, ते मला पुढे महिनाभराने कळलं.

उत्तर खोटं नव्हतं, पण ते भलत्याच प्रश्नाचं होतं. ‘नैसर्गिक’ हा शब्द आपण तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरतो आणि बोलता बोलता एकातून दुसऱ्यात कधी घसरलो ते कळत नाही. पहिला अर्थ, सृष्टीत आढळणारं. दुसरा, अंगचं, म्हणजे माणसाने ठरवून न घेतलेलं. तिसरा, योग्य, चालण्यासारखं. काका विचारत होते तिसरं, मी सांगितलं पहिलं, आणि दुसरं तर बोटीवर कुणी उच्चारलंच नाही. वास्तविक सगळी गंमत त्या दुसऱ्यात आहे.

गुलाबी रंग कुठून आला?

समोरच्या पक्ष्यांपासूनच सुरुवात करू. फ्लेमिंगोचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा करड्या रंगाचं असतं. पुढे काही वर्षं ते सूक्ष्म शेवाळ आणि बारीक जलचर खात राहतं, त्यांतली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं पिसांत उतरतात आणि पक्षी गुलाबी होतो. गाजराला ज्या जातीचं द्रव्य रंग देतं, त्याच जातीचं. प्राणिसंग्रहालयात हे द्रव्य खाण्यात नसलं तर नवी पिसं फिकट येतात.

मग हा रंग नैसर्गिक का? आहेच की. जन्मजात आहे का? नाही. पक्ष्याने निवडला का? तेही नाही. आपल्या चर्चेत मात्र दोनच खण असतात: ‘जन्मजात’ किंवा ‘स्वतःच्या मर्जीने केलेलं’. जे पहिल्या खणात पूर्ण बसत नाही ते आपण डोळे मिटून दुसऱ्यात टाकतो. (यावरून समलिंगी असणं खाण्यापिण्याने होतं असा निष्कर्ष कुणी व्हॉट्सॲपवर काढू नये. मुद्दा खणांचा आहे.)

आणि खाडीचं काय सांगावं? फ्लेमिंगोंना लागणारं शेवाळ इथे माजतं, त्यात ठाणे, नवी मुंबई, मुंबईच्या सांडपाण्याचा वाटा आहे असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आपल्या घाणीवर पोसलेला निसर्ग. त्याला २०१५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं. ज्या शहरातून आपण तो बघतो ते नवी मुंबई १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने नकाशावर आखलं. त्या शहराच्या चौदाव्या मजल्यावर चष्मा लावून बसलेल्या माणसाने ‘हे निसर्गाला धरून नाही’ म्हणावं, याचं मला नेहमी हसू येतं. अर्थात मीही अकराव्या मजल्यावर राहते.

दुर्मीळ असणं आणि बिघडलेलं असणं

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे माहीत असलेल्या कुठल्याच गटात बसेना. त्याला आज जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा तो असतो. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसतं, कारण त्यात ‘ए’ही नसतं आणि ‘बी’ही नसतं. पण सगळ्यांच्या रक्तपेशींवर असणारा ‘एच’ नावाचा पायाचा घटकच त्यात नसतो. अशा माणसाला साधं ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं.

वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, "मॅम, म्हणजे हा आजार आहे का?" नाही. तो माणूस धडधाकट असतो. अडचण येते ती बहुसंख्यांना समोर ठेवून केलेल्या तपासणीत, कारण तिच्या रकान्यांत तो मावत नाही. हजारांत एक, लाखात एक असणं ही मोजणीची गोष्ट झाली; त्यावरून चूक की बरोबर ठरत नाही. आपली म्हणच आहे, व्यक्ती तितक्या प्रकृती. आपण ती बहुधा तऱ्हेवाईक मेव्हण्याबद्दल वापरतो.

डावखुरेपणाची गोष्ट

आता दुसरा अर्थ, अंगचं की ठरवलेलं. त्यासाठी डावा हात.

शेकडा दहाच्या आसपास माणसं डावखुरी असतात. आमच्या शाळेत एका मुलाच्या डाव्या हातावर पट्टी बसायची. घरी आजी प्रसाद द्यायची नाही, "उजवा हात पुढे कर आधी" म्हणायची. तो उजव्या हाताने लिहायला शिकला. अक्षर कायम गिचमिड, आणि मधल्या सुट्टीत चेंडू मात्र डाव्यानेच फेकायचा. लिहिणं बदललं, हात बदलला नाही. कृती आणि कल यांतला फरक एवढाच आहे. तो नीट लक्षात ठेवा, कारण धर्माच्या चर्चेत पुन्हा लागणार आहे.

हा डावेपणा येतो कुठून? सोनोग्राफीत गर्भातलं बाळ कोणता अंगठा चोखतं ते दिसतं आणि पुढे तो हात वापरण्याशी त्याचा बराच मेळ बसतो. म्हणजे शाळा, घर, संस्कार यांच्या आधीच कल पडायला सुरुवात झालेली असते. मग जनुक सापडलं असेल? २०२० मध्ये सतरा लाखांहून जास्त लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डावखुरेपणाशी संबंध असलेल्या जागा जनुकसंचात ४१ निघाल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. एकाच गर्भपेशीतून झालेल्या, जनुकांनी सारख्या जुळ्यांतसुद्धा एक डावा आणि एक उजवा अशा जोड्या सर्रास असतात.

असं असूनही डावखुरा माणूस ‘नाटकं करतो’ असं आज कुणी म्हणत नाही.

समलैंगिकतेचं चित्र जवळपास असंच निघालं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पावणेपाच लाखांवर लोकांचा अभ्यास आला. ठळक संबंध दिसला तो जनुकसंचातल्या अवघ्या पाच जागांचा. सगळ्या लहानसहान जनुकीय फरकांचा एकत्र वाटा आठ ते पंचवीस टक्के. मर्यादाही सांगते: त्यात लोकांना ‘आपल्याच लिंगाच्या व्यक्तीशी कधी संबंध आला का’ एवढंच विचारलं होतं, आणि आयुष्यात एकदा काय झालं आणि कायमचा कल काय, या दोन गोष्टी एक नाहीत. बातम्यांत मथळा झळकला, ‘गे जीन नाहीच’. खरं आहे, एकच असं जनुक नाही. पण उंचीचंही एकच जनुक नाही, म्हणून कुणी उंची ठरवून वाढवत नसतो. रक्त काढून कुणाचा कल ओळखता येणार नाही, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र पत्रिकेसोबत ‘टेस्ट’ मागायच्या तयारीत असलेल्यांनी वाचून ठेवावा.

जनुकांपलीकडे गर्भातलं वातावरण येतं. १९९६ मध्ये रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट या संशोधकांनी मांडलेली गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. मुलाला एकाच आईच्या पोटचे थोरले भाऊ जितके जास्त, तितकी तो समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते. दर थोरल्या भावामागे मूळ शक्यतेच्या साधारण एक तृतीयांशाने. मूळ शक्यताच शेकड्यात दोन असेल तर एका थोरल्या भावामुळे ती तीनच्याही खाली राहते, दोघांमुळे साडेतीनच्या आसपास जाते, त्यामुळे तीन मुलगे असलेल्या आयांनी धास्ती घेऊ नये. खरी मेख पुढे आहे. सावत्र किंवा दत्तक थोरले भाऊ एका घरात वाढले तरी हा परिणाम दिसत नाही. एका आईचे भाऊ वेगळ्या घरी वाढले तरी दिसतो. घर कारणीभूत असतं तर उलट व्हायला हवं होतं. मुलग्यांच्या गर्भातल्या एका प्रथिनाविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडं तयार होत असावीत, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं आणि त्याला काही आधारही मिळालाय.

स्त्रियांबद्दल इतकं नेमकं काही हाती नाही. संशोधन आधी पुरुषांवर होतं, मग फुरसत मिळाली तर बायकांवर. इथेही तेच.

‘नीट संस्कार केले असते तर...’

हे वाक्य बहुतेक घरांत आईला ऐकवलं जातं. संस्कारांनी कल बदलतो का, याचे प्रयोग विसाव्या शतकात भरपूर झाले: विजेचे झटके, उलट्यांची औषधं, प्रार्थना शिबिरं. अमेरिकेतली ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही ख्रिस्ती संस्था १९७६ पासून लोकांना ‘बदलण्याचं’ काम करत होती. २०१३ मध्ये तिच्या अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली आणि संस्था बंद केली. रॉबर्ट स्पिट्झर या नामवंत मानसोपचारतज्ज्ञांनी ‘काही जण बदलू शकतात’ असा निष्कर्ष काढला होता. २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच तो चुकीचा होता म्हणून माफी मागितली.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नाही हे २०१८ मध्ये स्पष्ट केलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे ‘बदलण्याचे’ उपचार म्हणजे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. तेव्हा कुणी ‘सहा महिन्यांत सरळ करतो’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथून उठावं. लग्न लावून देणं हा त्याच उपचाराचा घरगुती प्रकार आहे आणि त्यात एका परक्या मुलीचं आयुष्य विनाकारण ओढलं जातं.

काकांच्या ‘वगैरे’मध्ये बऱ्याच गोष्टी होत्या, तेवढं सोडवून घेऊ. कुणाबद्दल ओढ वाटते तो लैंगिक कल. आपण पुरुष की स्त्री की आणखी काही, हे आतून जाणवणं म्हणजे लिंगभाव. ट्रान्स व्यक्ती आणि आपल्याकडचे अनेक तृतीयपंथी यात येतात. शरीराची घडणच स्त्री-पुरुष या ठरीव साच्यात न बसणं म्हणजे इंटरसेक्स. समलिंगी पुरुषाला बाई व्हायचं असतं ही समजूत या तिन्हींची खिचडी केल्यामुळे होते.

प्राण्यांची साक्ष, आणि ती किती चालते

पहिल्या अर्थाने पाहिलं तर पुरावा ढीगभर आहे. पाळीव मेंढ्यांच्या कळपात सुमारे आठ टक्के नर, मादी समोर असूनही नराकडेच वळतात, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं. इंग्लंडमधल्या स्लिमब्रिज इथे कार्लोस आणि फर्नांडो नावाच्या दोन नर फ्लेमिंगोंची जोडी होती. दुसऱ्यांची अंडी पळवून त्यांनी पिल्लं वाढवली. २००७ मध्ये एका पोरक्या पिल्लाचं पालकत्व त्यांना रीतसर मिळालं. हवाई बेटांवर लेसन अल्बाट्रॉसच्या एका वसाहतीत जवळजवळ एक तृतीयांश जोड्या मादी-मादी निघाल्या, पण तिथे नरांचा तुटवडा होता. एकच दृश्य, कारणं निराळी.

"मूल होत नाही तर हे पिढ्यान्‌पिढ्या टिकतं कसं?" हा प्रश्न हुशार मुलं विचारतात. भावंडांच्या मुलांना जास्त जपल्याने, की त्याच जनुकांमुळे घरातल्या बायकांना जास्त मुलं झाल्याने? दोन्ही कल्पना मांडल्या गेल्यात, एकीवरही शिक्कामोर्तब झालेलं नाही. कामकरी मधमाशी अंडी घालत नाही, तरी पोळ्यातली तीच जास्त दिसते, हे मी मुलांना सांगते. शिवाय आपल्याकडे अशा कित्येक पुरुषांची लग्नं लावून दिली गेली आणि मुलंही झाली, हे सांगायला जीवशास्त्र लागत नाही.

आता माझं बोटीवरचं उत्तर अपुरं का होतं ते. वानरांच्या टोळीत नवा नर आला की आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारतो, हे माउंट अबूपासून अनेक ठिकाणी नोंदलं गेलंय. तेही नैसर्गिकच. उद्या कुणी त्याचा दाखला देऊन वागू लागला तर आपण पोलीस बोलावू. देवीची लस मात्र कुठल्याच झाडाला लागत नव्हती. निसर्गात आहे म्हणून चांगलं आणि नाही म्हणून वाईट, हा हिशोब कुठल्याच बाजूने जुळत नाही. ‘मेंढ्यांत असतं म्हणून योग्य’ हे ‘मेंढ्यांत नसतं म्हणून पाप’ इतकंच लंगडं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर निसर्ग देत नाही. ते माणसं देतात: कायद्याने, विवेकाने आणि धर्माने.

धर्माची ‘प्रकृती’

ठाण्यात मासुंदा तलावाला एक फेरी मारली की कोपिनेश्वराचं देऊळ लागतं, सेंट जॉन चर्च लागतं, थोडं पुढे टेंभीनाक्याला जैन मंदिर, जवळपास मशिदीही आहेत. या सगळ्यांना एकच उत्तर विचारू गेलात तर मिळणार नाही. एकाच देवळात दोन भटजींकडेही मिळायचं नाही.

शब्दापासून सुरुवात करते. ‘प्रकृती, विकृती, संस्कृती’ ही त्रयी आपण भाषणांत ऐकलेली असते आणि समलिंगी म्हटलं की मधला शब्द फेकला जातो. पण सांख्य दर्शनात ‘विकृती’ ही शिवी नाही. मूळ प्रकृतीतून जे जे परिणत होऊन निघालं ती विकृती, दुधातून दही निघावं तशी. त्या अर्थाने तुमचा-माझा देह, इंद्रियं सगळी विकृतीच. ‘विकृत माणूस’ हा अर्थ नंतरचा, आणि आजच्या वादात आपण तो जुन्या ग्रंथांच्या तोंडी घालतो.

कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ असा शब्दच आहे, म्हणजे तिसरा स्वभाव. सुश्रुतसंहितेत आसेक्य, कुंभिक अशी नावं देऊन अशा पुरुषांचं वर्णन येतं आणि कारण आईबापांच्या बीजात, गर्भधारणेच्या वेळच्या गोष्टींत शोधलंय. ती कारणं आज टिकणारी नाहीत. पण शोधलं कुठे ते बघा: गर्भात.

पण ‘आपल्याकडे पूर्वी सगळं मान्यच होतं’ असं म्हणणाऱ्यांचाही हात धरते. मनुस्मृतीत पुरुषाशी संग करणाऱ्या द्विजाला सचैल स्नानाचं, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांनिशी आंघोळीचं प्रायश्चित्त आहे. त्याच श्लोकात स्त्रीशी बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा संग करणाऱ्यालाही तेच. वाचून हसू येतं. पण त्याच अध्यायात अशा कृत्याने जातिभ्रंश होतो असंही आहे, आणि आठव्या अध्यायात कुमारिकेला ‘भ्रष्ट’ करणाऱ्या स्त्रीला मुंडण किंवा बोटं तोडणं, आणि गाढवावरून धिंड. तिथे हसू येत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति’, प्राणी आपापल्या प्रकृतीप्रमाणे जातात, निग्रह काय करणार? पुढचाच श्लोक सांगतो, इंद्रियांच्या रागद्वेषांच्या ताब्यात जाऊ नकोस. ज्याला जो श्लोक सोयीचा, तो तिथे थांबतो.

अर्धनारीनटेश्वराचंही तसंच. आमच्या खाडीच्या तोंडाशी, घारापुरीच्या लेण्यांत त्याचं भव्य शिल्प आहे. ते स्त्री-पुरुष तत्त्वांच्या एकत्वाबद्दल आहे. त्याला समलिंगींचं प्रमाणपत्र म्हणून दाखवणं मला ओढाताण वाटते. शिखंडी, बृहन्नडा यांच्या कथाही लिंगभावाच्या आहेत. त्यांतून फार तर इतकं दिसतं की स्त्री आणि पुरुष यांमधला प्रदेश आपल्या पूर्वजांच्या कल्पनेला अपरिचित नव्हता.

जैन विचारात एक सूक्ष्म भेद आहे आणि तो मला फार आवडतो. शरीराचं लिंग वेगळं आणि कामवासनेचा प्रकार, ज्याला ‘वेद’ म्हणतात, तो वेगळा. स्त्रीवेद, पुरुषवेद, नपुंसकवेद यांपैकी कोणताही कुठल्याही देहात असू शकतो. देह आणि ओढ यांची फारकत इतक्या आधी कुणी केली होती! त्याचबरोबर वासना, मग ती कुणाचीही असो, बंधनच. सवलत कुणालाच नाही. बौद्ध विनयपिटकात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, एका भिक्षूच्या देहाला स्त्रीलिंग प्राप्त झाल्याची कथा आहे. बुद्धांनी त्याला भिक्षुणींमध्ये राहायची मुभा दिली, दीक्षा पुन्हा घ्यायला लावली नाही. त्याच विनयात ‘पंडक’ म्हटलेल्यांना, म्हणजे पुरुषाच्या नेहमीच्या साच्यात न बसणाऱ्यांना, संघात प्रवेश नाही, हेही आहे.

ख्रिस्ती परंपरेत निसर्ग हा शब्द थेट येतो. बायबलमधल्या रोमकरांस पत्रात संत पौल अशा संबंधांना ‘निसर्गाच्या विरुद्ध’ म्हणतात, ग्रीकमध्ये ‘पारा फुसिन’. पण त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात देव रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर कलम करतो, आणि तिथेही शब्द तेच, निसर्गाच्या विरुद्ध. देवच करतोय. आणखी एका पत्रात पौल म्हणतात की पुरुषाने केस लांब ठेवणं लाजिरवाणं आहे हे निसर्गच शिकवतो. तिथला ‘निसर्ग’ आपण रूढी या अर्थाने वाचतो. पुढे तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी विचार पक्का बांधला: कामसंबंधाचं नैसर्गिक प्रयोजन संतती, म्हणून ज्यातून संतती शक्य नाही ते निसर्गाला धरून नाही. कॅथलिक चर्च याच तर्काने गर्भनिरोधकांनाही नकार देतं, म्हणजे निदान सुसंगत आहे. अशा व्यक्तींना आदराने वागवावं, अन्यायी भेदभाव करू नये, असंही चर्चची शिकवण सांगते. पोप फ्रान्सिस यांच्या काळात, डिसेंबर २०२३ मध्ये, समलिंगी जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायची मुभा मिळाली, विवाहविधीची नाही.

इस्लाममध्ये लूत पैगंबरांच्या लोकांची कथा हा मुख्य आधार, आणि पारंपरिक धर्मशास्त्रींनी ही कृती पाप मानली यात संदिग्धता नाही. मात्र ‘खुन्सा’, म्हणजे शरीराने स्त्री-पुरुष दोन्ही खुणा असलेल्या व्यक्ती, त्यांच्यासाठी वारसाहक्कापर्यंतचे नियम फिकहमध्ये, म्हणजे इस्लामी धर्मकायद्यात, आहेत. इराणमध्ये समलिंगी संबंधांना मृत्युदंडापर्यंतची शिक्षा आणि लिंगबदलाच्या शस्त्रक्रियेला आयातुल्ला खोमेनी यांच्या फतव्याचा आधार, अशी चमत्कारिक जोडी त्यातूनच दिसते.

आता तो लक्षात ठेवायला सांगितलेला फरक. बहुतेक ग्रंथ बोलतात ते कृतीबद्दल. ‘असा कल असलेला माणूस’ ही कल्पनाच फारशी नव्हती. डाव्या हाताने प्रसाद घेऊ नये हा नियम झाला. माणूस डावखुरा आहे हे सत्य झालं. नियम पाळायचा की बदलायचा हे त्या त्या धर्माच्या माणसांनी ठरवावं, पण नियम दाखवून सत्य खोटं ठरवता येत नाही. सरसंघचालक मोहन भागवत यांनी जानेवारी २०२३ मध्ये मुलाखतीत म्हटलं की अशी माणसं कायम होती, हे जैविक आहे. दोन महिन्यांनी संघाने समलिंगी विवाहाला विरोधही नोंदवला. अनेकांना हे उलटसुलट वाटलं. मला ते विवाहाबद्दल पटलं नाही, पण तर्क कळला: दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’, तिसऱ्यात एका जागी ‘नाही’.

कायद्यातला ‘निसर्गक्रम’

‘निसर्गाच्या विरुद्ध’ हे शब्द आपल्या तोंडी इतके बसले त्यात इंग्रजांचा मोठा हात आहे. मेकॉले यांच्या मसुद्यातून आलेल्या १८६० च्या दंडसंहितेतलं कलम ३७७ ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होतं. निसर्गक्रम म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच नव्हतं. १९२५ मध्ये ‘खानू विरुद्ध सम्राट’ या सिंधमधल्या खटल्यात सांगितलं गेलं की ज्यातून गर्भधारणा शक्य ते नैसर्गिक. या हिशोबाने निरोध वापरणारं प्रत्येक जोडपं निसर्गद्रोही.

र. धों. कर्वे यांना लोक हेच म्हणत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या हस्तमैथुन आणि समलैंगिकतेबद्दलच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. ज्या संततिनियमनाला तेव्हा निसर्गद्रोह म्हटलं, त्याचा लाल त्रिकोण पुढे सरकारनेच गावोगावच्या भिंतींवर रंगवला.

पुढचं थोडक्यात. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं हे कलम रद्द ठरवलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परत जिवंत केलं, ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच घटनापीठाने संमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत हे कलम नाही. विवाहाचा हक्क ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं, एकमेकांना नॉमिनी करता येतं.

हे सगळं मी काकांना दोन संध्याकाळी, सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसून सांगितलं. डाव्या हाताचं त्यांना लगेच पटलं, ते स्वतः शाळेत पट्ट्या खाल्लेले. मनुस्मृतीचं पटलं नाही, "तुम्ही सोयीचे श्लोक काढता" म्हणाले. मी म्हटलं, गैरसोयीचेही काढलेत की. मग गप्प राहिले. जरा वेळाने विचारलं, फ्लेमिंगो मेपर्यंत असतात ना? असतात, पण बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे ठरतात, चौकशी करून सांगते, म्हटलं.

"चार तिकिटं बघा," काका म्हणाले. "दोन आमची, एक नातवाचं, आणि एक त्याच्या त्या मित्राचं. आणि सकाळचीच फेरी घ्या, हिला ऊन सोसत नाही."